पुढचा हात

या ताई, या आत. चपला काढू नका, फरशीवर केसं हायत, पायाला टोचतील. त्या पंख्याखालच्या बाकड्यावर बसा. दाढीच्या खुर्चीवर नको, तिचं बूड सैल झालंय, गिऱ्हाईक नसलं तरी एकटीच फिरती.

कंपनीकडनं आलाय न्हवं? पिशवीवरनं ओळखलं. वरची खुर्ची खोलून न्यायला आलाय. जिना मागनं हाय, पण जरा टेका. वर आत्ता वैशाली वहिनी हणमंताला जेवू घालतीय. जेवताना कुणी बघितलेलं त्याला खपत न्हाई, कारण घास त्याच्या हातानं तोंडापतुर पोचत न्हाई. तवर मी तुम्हाला त्या खुर्चीची गोष्ट सांगतो. कुठला स्क्रू कुठं हाय ते तुम्हाला ठाऊक असंल. पण त्या खुर्चीत बसणाऱ्याचं काय झालं, ते कुणी सांगितलं नसंल. ऐका, मग वर जावा. मी तुम्हाला अडवणार न्हाई. अडवायला माझ्या हातात हाय काय?

मी जालिंदर राऊत. वरचा तो हणमंत क्षीरसागर, माझा हणमा; वैशाली वहिनी त्याची बायको. हे दुकान आम्ही दोघांनी मिळून टाकलं, तवा कराडच्या ह्या जुन्या स्टँडवर डिझेलच्या एसट्या धूर सोडत उभ्या असायच्या. माझी शाळा सातवीपतुर, त्याची त्याच्या अलीकडंच थांबली. दोन खुर्च्या, एक आरसा. माझी खुर्ची दाराजवळ, त्याची आत. आन् गिऱ्हाईक कसलं बेइमान सांगू! दारातनं आत आलं की मी टॉवेल झटकून म्हणायचो, "बसा." ते म्हणायचं, "थांबतो मी, हणमाची मोकळी होऊ दे." तोंडावर!

मी चिडलो की हणमा हसायचा. "तुझा हात वाईट न्हाई जाल्या. पण तुझं तोंड चाललं की हात थांबतोय. गिऱ्हाइकाला कळत न्हाई, दाढी चाललीय का कीर्तन."

त्याचा हात म्हंजी हात हुता ताई. गालाची कातडी दोन बोटांनी अशी ताणायचा की वस्तऱ्याला वाट आपसूक मिळायची. माणसं घोरायची खुर्चीत. तालुक्यातला एक पैलवान, कुणाच्या बापाला मान न देणारा गडी, हणमाच्या हाताखाली मान टाकून लेकरासारखा झोपायचा.

मग तुमची कंपनी आली.

तिकडं जर्मनीत म्हातारी माणसं लई आन् त्यांचं करायला तरणी माणसं न्हाईत. घरंच्या घरं भरलीत म्हाताऱ्यांनी, आन् नर्सबाई एखादी, पळून पळून दमलेली. तर त्यांनी पलंगाच्या वर पट्ट्या बसवल्या, आन् पट्टीवरनं सरकणारे दोन रबरी हात. ह्या पलंगावरनं त्या पलंगावर. हात तिकडं, पण चालवणारा इकडं, हातात तारांचे मोजे घालून खुर्चीत बसलेला. भरवायला कुणी, केस विंचरायला कुणी, दाढीला आम्ही. त्यासाठी कराड, विटा, साताऱ्याकडचे न्हावी एका हॉलमध्ये गोळा केले आन् मोजे घालून आमची परीक्षा घेतली. रबराच्या मुंडक्याची दाढी करायची. रोज, आठवडाभर.

मी नापास. तिथली पोरगी म्हणली, "काका, तुमचा हात रोज वेगळा चालतो. मशीनला त्याची सवयच सापडत नाही." हणमा पास झाला. पैलाच पास झाला. पुढं महिनाभर मला चारचौघात "ओ बिनसवयीचे" म्हणून हाक मारत हुता.

आता ही सवयीची भानगड तुम्हाला मी काय सांगायची, तुम्ही त्यातल्याच. पण मला ती कशी कळली ते ऐका, कारण गोष्ट तिथंच हाय.

इथनं तिकडं निरोप जातो काचेच्या तारेतनं, समुद्राच्या तळावरनं. जातोय उजेडाच्या वेगानं, पण वाटेत ठेसनं घेत घेत. एका बाजूनं पोचायला पापणी लवती तेवढा वेळ. बोलायला तेवढं चालतंय. बघायलाबी चालतंय. कातडीला चालत न्हाई. तिकडं वस्तरा गालावर हाय, म्हातारा खोकला, गाल हलला. ते इकडं पापणीभरानं कळलं आन् इकडनं हात मागं घ्यायला आणखी पापणीभर गेली, तर तेवढ्यात रक्त.

म्हणून त्यांनी काय केलं, तिकडच्या मशीनमध्ये हणमाच्या हाताचा अदमास भरला. हणमा कल्ल्यापासनं कसा सुरू करतो, हनुवटीवर मनगट किती वळवतो, गाल खोल असला तर बोट कुठं दाबतो, सगळं शिकत गेलं ते. मग हणमा हात उचलायच्या आतच तिकडचा हात उचलायचा, कारण आता हा उचलणार हे त्याला आधीच कळलेलं. त्याला म्हणायचे पुढचा हात. हणमाचा खरा हात मागनं पोचायचा, आन् दोघांत फरक पडला तर पुढचा हात तेवढा दुरुस्त व्हायचा.

आन् इकडं? इकडं खुर्चीखालच्या डब्यात त्या गिऱ्हाइकाच्या गालाचा अदमास. म्हंजी हणमाच्या बोटाला गाल लागायचा तो तिकडनं यायच्या आधीच लागायचा. मागनं खरा गाल पोचला की तेवढा फरक मिटवायचा.

बगा म्हंजी. तिकडं ह्याच्या हाताचा अदमास, इकडं त्याच्या गालाचा अदमास, आन् खरा हात आन् खरा गाल दोघं आपले मागनं पळत यायचे, एसटी चुकल्यासारखे.

हणमाला तवा त्याचं काय न्हवतं. त्याला गिऱ्हाईक मिळालं हुतं. अर्न्स्ट असं काहीतरी त्याचं नाव. हणमाच्या जिभेला ते जमंना, म्हणून त्यानं त्याचा अण्णा केला. पिठाच्या गिरणीत जन्म गेलेला माणूस. एका अंगावरनं वारं गेलेलं, बोलणं गेलेलं. आयुष्यभर सकाळी न्हाव्याच्या खुर्चीत बसून दाढी केलेला, आता त्याला ते गुरगुरणारं मशीन नको असायचं. तोंड फिरवायचा.

पैल्या दिवशी दाढी झाली, आन् हणमानं काय करावं? सवयीनं दोन्ही हात अण्णाच्या डोक्यावर ठेवले आन् चंपी सुरू केली! वर मानेवर दोन थापा. तिकडं घंटा वाजल्या. नर्सबाई पळत आली. पडद्यावर तांबडी अक्षरं. पुण्यातनं मृणाल मॅडमचा फोन. मॅडम म्हंजी ह्या सगळ्या न्हाव्यांच्या मुकादम.

"हणमंतराव, हे काय केलंत? हे करारात नाही!"

"मॅडम, दाढी झाल्यावर डोक्याला हात लावायचा न्हाई म्हंजी गिऱ्हाइकाला दारातनं हाकलल्यासारखं हुतंय."

"ग्राहकाला ज्याची अपेक्षा नाही ते करायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दाढी झाली, हणमानं हात मागं घेतले, तर अण्णा उशीवरनं डोकं हलवंना. डोळे मिटून पडून. नर्सबाईनं नाश्ता आणला तर तोंड उघडंना. शेवटी मॅडमनंच सांगितलं, "करा काय ते." मग कंपनीनं चंपीला इंग्रजी नाव दिलं आन् वेगळा दर लावला. सगळ्या न्हाव्यांना शिकवायला लावली. विट्याचा शंकर मला फोनवर म्हणला, "तुझ्या दोस्तानं आमच्या मनगटाची वाट लावली."

रोज मिटिंग असायची पडद्यावर. चौकोनात चौकोन, एकेका चौकोनात एकेक न्हावी. हणमाला मिटिंगला इस्त्रीचा शर्ट लागायचा. खाली लुंगी असायची, ती दिसत न्हवती. मी कधीमधी मागं उभा राहून ऐकायचो. मॅडम म्हणायच्या, "ग्राहकाची अपेक्षा नुसती पुरी करायची नाही, ओलांडायची."

शंकर म्हणला, "मॅडम, दाढीत ओलांडलं की कातडं लागतंय."

सगळे चौकोन हसले. मॅडमबी हसल्या. वाईट बाई न्हाई ती. ते मी पुढंबी सांगणार हाय.

तवाचा अण्णा लई कुरकुऱ्या हुता. पाणी जरा गार असलं की गाल फुगवून बसायचा. उलटा हात फिरवला की भिवई वर. हणमा खाली येऊन मला सगळं सांगायचा, जेवायचं सोडून. "आज अण्णानं माझ्यावर नाकावरचा फेस उडवला रे." जणू अण्णा पलीकडच्या आळीत राहतोय. वहिनी म्हणायची, "माझ्या तोंडाकडं एवढं कधी बघितलं न्हाई ह्यांनी."

मग त्याचा हात हलायला लागला.

पैल्यांदा बशीनं सांगितलं. चहाचा कप बशीत वाजायला लागला. आम्ही म्हणलो, थंडी. मग एक दिवस खाली दुकानात एका गिऱ्हाइकाच्या गळ्याला वस्तरा लावला आन् वस्तऱ्याचं पातं उजेडात लुकलुक करायला लागलं.  तोंडाला फेस तसाच ठेवून गिऱ्हाईक उठलं, आन् येऊन माझ्या खुर्चीत बसलं. एवढी वर्षं मी ज्याची वाट बघितली ते असं झालं. मला त्याची दाढी करवंना.

डॉक्टरनं कंपवात सांगितला. गोळ्या दिल्या. बरा हुत न्हाई म्हणला, सावकाश वाढतो म्हणला.

हणमा रडला न्हाई. तो मॅडमला म्हणला, "माझा हात गेला. दुसरा माणूस बघा." तर मॅडम म्हणल्या, "हणमंतराव, काळजी करू नका. थरथर एका ठेक्यात येते. तुम्ही जाणूनबुजून जे हलवता त्याचा ठेका वेगळा असतो. मशीनला दोन्ही वेगळं करता येतं. चहा गाळतो तसं. चोथा इथंच राहील, चहा तेवढा पुढं जाईल."

आन् खरंच गेला! त्या मोज्यांना आतनं तारा हायत न्हवं, त्या बोटांना धरून ठेवायच्या. बोटाला लागणारा गाल स्थिर, वस्तरा स्थिर. ताई, मी बघितलंय. इथनं जिना चढताना भिताडाला धरून जाणारा माणूस, पाण्याचा तांब्या धरता येईना असा, त्या खुर्चीत बसला, मोजे घातले, की खांदे खाली यायचे. तोंडावरची शीर न् शीर ढिली. डोळे मिटून तो दाढी करायचा, आन् त्याला कळायचं की माझा हात अजून माझाच हाय. दिवसातनं तेवढाच वेळ तो आजारी नसायचा.

दुकानात त्यानं वस्तरा पुन्हा धरला न्हाई. पण वरनं उतरला की पूर्वीसारखा म्हणायचा, "जाल्या, आज अण्णा घोरला बग."

असं चाललं हुतं. मग यंदा उन्हाळ्यात ह्या रस्त्याची गटार काढायला घेतली.

भर दुपारी जेसीबी आला. त्या पोराला कुणी सांगितलं न्हाई का सांगून त्यानं ऐकलं न्हाई, देव जाणे. दाताळं घातलं आन् केबल अशी उचलून वर आणली, काळी, सापासारखी, मधनं तुटलेली. सगळ्या पेठेचं नेट गेलं. पलीकडचा झेरॉक्सवाला बाहेर येऊन बोंबलायला लागला. मला पैलं आठवलं ते हणमाचं. म्हणलं, ह्याची दाढीची येळ, तिकडं अण्णाच्या अर्ध्या गालाला फेस, आन् इकडं लाईन तुटली. पळत वर गेलो.

खुर्ची चालू हुती.  डब्यावरचा हिरवा दिवा तांबडा झालेला. आन् हणमा डोळे मिटून दाढी करत हुता. पडद्यावर अण्णाचं तोंड हुतं, पापणी लवत हुती.

मी काही बोलायच्या आत तोच म्हणला, "कोण, जाल्या? अण्णाला आज सर्दी झालीय वाटतं. नाकाखाली वल्लं लागतंय."

मी खिडकीतनं खाली बघितलं. केबलचं एक टोक जेसीबीच्या दातात, दुसरं खड्ड्यात. मी परत दिव्याकडं बघितलं. तांबडा. हणमानं हनुवटी उरकली, टॉवेल फिरवला, दोन्ही हात हवेत उचलून चंपी केली, मानेच्या जागी दोन थापा दिल्या. आन् पडद्यावर पाच चांदण्या उमटल्या. खाली लिहिलेलं आलं, ग्राहक समाधानी.

"बग," हणमा म्हणला. "सर्दी असून खूश हाय गडी."

मी जिन्यातच बसलो ताई.  मला जेवढं कळायचं तेवढं कळलं हुतं.

संध्याकाळी नदीच्या घाटाकडं जाऊन मॅडमला फोन लावला. घडलं ते सगळं सांगितलं.  त्या म्हणल्या, "जालिंदरकाका, हे हणमंतरावांना सांगू नका, प्लीज."

"काय सांगू नको? मलाच नीट कळू द्या आधी."

तवा त्यांनी सांगितलं. थरथर वाढत गेली, तशी गाळणी बारीक करत गेले. बारीक करता करता इकडनं जाणारं कमी कमी हुत गेलं. तिकडं पुढचा हात तर पक्का शिकलेला. त्याला मागनं येणाऱ्या हाताची गरज उरंना. आन् इकडं डब्यातला गाल असा पक्का की खरा गाल आला काय, न आला काय; पडद्यावरचं तोंड आन् चांदण्याबी डब्यातनंच. तार तुटली त्या दिवशी काही बंद पडलं न्हाई, कारण तारेतनं जाण्यासारखं काही उरलंच न्हवतं.

"म्हंजी गाळता गाळता चहाच संपला?"

"हो काका."

"कवापासनं?"

"गेल्या गणपतीच्या आधीपासून."

मला घाटावरची माणसं दिसंनात. म्हणलं, "मग त्याला रोज बसवताय कशाला? त्याला काय हवेत हात हलवायला ठेवलाय?"

"तिकडचा कायदा आहे. जिवंत माणसाच्या कातडीला यंत्रानं वस्तरा लावायचा, तर यंत्रामागं जिवंत माणूस बसलेला पाहिजे. म्हणून खुर्ची रिकामी ठेवता येत नाही."

"आन् अण्णाला? त्याला कळलं न्हाई? रोजचा हात त्याचा!"

"कळायचं कारणच नाही काका. हात हणमंतरावांचाच आहे. म्हणजे, होते तेव्हाचे हणमंतराव. थरथर सुरू व्हायच्या आधीचे."

 मी सोडलं न्हाई. म्हणलं, "हे बरोबर न्हाई मॅडम. माझी तक्रार हाय."

त्या हळूच म्हणल्या, "कसली तक्रार लिहू? ग्राहक समाधानी आहे. हणमंतराव समाधानी आहेत. तुम्ही ग्राहकही नाही आणि कर्मचारीही नाही. तुमचं म्हणणं टाकायला माझ्या सिस्टिममध्ये जागाच नाही." आन् वर म्हणल्या, "असती तर मी माझंही टाकलं असतं."

म्हणून म्हणतो, वाईट बाई न्हाई ती. तिच्याबी मागं कुठलीतरी खुर्ची असंलच.

दुकानाकडं परत आलो तर वहिनी मागच्या जिन्याच्या दारात भाजी निवडत बसलेली. माझं तोंड बघून म्हणली, "कळलं न्हवं तुम्हाला भावजी?"

"तुम्हाला ठाऊक हुतं?"

"एकदा खुर्चीतच डोळा लागला त्यांचा. औषधानं येती गुंगी. मोज्यात बोटं गप्प पडलेली, आन् पडद्यावर दाढी चाललेली. मी बघत उभी राहिले. सगळी दाढी झाली. चांदण्या आल्या. जागे झाले आन् म्हणाले, 'आज अण्णाचा गाल लई मऊ हुता.'"

"आन् तुम्ही बोलला न्हाई?"

"काय बोलू? दिवसभर मी त्यांना भरवते, बटणं लावते. ते माझ्या तोंडाकडं बघत न्हाईत, भिताडाकडं बघत्यात. त्या खुर्चीतनं उतरले की तेवढा घटकाभर माझ्याशी बोलत्यात. ते कसं काढून घेऊ मी?" तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. "तुम्हीबी सांगू नका."

न्हाई सांगितलं. तिनं न्हाई, मी न्हाई, मॅडमनं न्हाई. सगळ्यांनी मिळून एका माणसाला खुर्चीत बसवून ठेवलं. ह्यालाच तुमच्यात टीमवर्क म्हणत असतील.

आन् मग तिकडचा कायदाबी बदलला. आता माणूस बसायची गरज न्हाई. कंपनीचा निरोप आला, वहिनीनं वाचून दाखवला. तुमच्या सेवेबद्दल आभारी आहोत, आपले सर्व ग्राहक पूर्ण समाधानी आहेत, खुर्ची परत नेण्यास आमचा प्रतिनिधी येईल. प्रतिनिधी म्हंजी तुम्ही.

हणमानं नुसतं ऐकून घेतलं. वहिनीला वाटलं बरं झालं, सोप्यात गेलं. पण परवा तो खाली आला. आठवड्याला एकदा मी त्याची दाढी करतो. हिथंच, त्या आतल्या खुर्चीत, त्याच्याच. फेस लावला, वस्तरा धरला, आन् ह्याचं सुरू.

"पातं बदल की मुडद्या. किती गिऱ्हाइकं कापली ह्यानं?"

"नवंच हाय."

"मग हात नवा आण. कानाजवळ वढतंय. पाणी तरी कोमट घ्यायचं."

"जर्मनीला जा मग दाढी करायला."

हसला न्हाई. आरशात माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणला, "जाल्या, अण्णा कुरकुरायचा बंद झालाय. तुझ्या ध्यानात आलंय का?"

"बरं झालं की. तुझा हात बसला त्याला."

"हात त्याला पैल्या वर्षीच बसला. तरी कुरकुरत हुता. पाणी गार झालं की गाल फुगवायचा. आता मी मुद्दाम गार पाणी घेतलं. दोनदा घेतलं. गाल तसाच. जरा जोरात दाबून बघितलं. चांदण्या पाच. माणसाचं तोंड हाय ते का मडकं? एवढ्या दिवसात त्याला एकदाबी कुठं खुपलं न्हाई?"

मी कल्ला सरळ करत राहिलो. सरळ हुता, तरी करत राहिलो.

"सगळे समाधानी हायत म्हणं," हणमा म्हणला. "एवढी वर्षं दुकान केलं आपण. असा एक दिवस गेला का, कुणी कुरकुरलं न्हाई? कुणी म्हणलं कल्ले वर-खाली, कुणी म्हणलं मिशी खाल्ली. ऐकून घेतलं, परत हात फिरवला. जाल्या, खरं सांग. वरची दाढी मीच करतोय न्हवं?"

माझा वस्तरा त्याच्या गळ्यावर हुता.

"बोलू नको," मी म्हणलो. "गळ्यावर हाय."

 पण त्यानं आवंढा गिळला, आन् तो वस्तऱ्याखालनं गेला, ताई. मला पात्यातनं कळला. मी पुसलं, तुरटी फिरवली, टॉवेल काढला. उठताना त्यानं माझ्या खांद्याला धरलं. हात लटलट हलत हुता, माझा सगळा खांदा हलला त्यानं. पुन्हा विचारलं न्हाई त्यानं. काल न्हाई, आज सकाळीबी न्हाई. नुसता त्या खुर्चीकडं बघत बसतोय. मोजे घालत न्हाई. घाल म्हणलं तर मान हलवतो.

ते बगा, वर ताट उचलल्याचा आवाज आला. जेवण झालं त्याचं. आता जावा तुम्ही. ती पिशवी इकडं द्या, जिना उंच हाय, मी आणतो वर.

पण एक मागणं हाय. खुर्ची ठेवा असं म्हणत न्हाई मी. तुमच्या हातात न्हाई ते, कळतंय मला. फक्त वर गेल्यावर त्याचे आभार मानू नका. सगळे खूश हायत असं तर चुकूनबी म्हणू नका. कपाळाला आठी घालून जावा आन् त्याला सांगा, अण्णानं तक्रार केलीय. हनुवटीखाली खुंट राहिला म्हणा. पाणी बर्फासारखं हुतं म्हणा, लागलं मला म्हणून अण्णा चिडलाय, तोंड फिरवून बसलाय म्हणा. हणमंतराव, चूक तुमच्या हातनं झाली, म्हणून खुर्ची काढतोय, असं सरळ तोंडावर म्हणा.

तो खवळंल. तुम्हाला शिव्या दील, माझ्या हातात खोट काढता म्हणून अंगावर यील. यीऊ द्या. तुम्ही मागं सरू नका.

मी म्हणलं असतं, पण माझं तो खरं मानणार न्हाई. मी त्याचा दोस्त पडलो. तुम्ही परक्या, कंपनीच्या. तुमचं मानंल. एवढी एक तक्रार त्याच्या नावावर घाला, ताई. घालाल न्हवं?